मामींच्या खोलीतला बोलेरो

१

रेकॉर्डिंगला बसण्याआधी पंखे बंद करायचे, हा विजयेंद्र मामांच्या घरचा पहिला नियम. चेन्नईत मे महिन्यात पंखा बंद करणं म्हणजे काय, ते इथे राहिल्याशिवाय कळायचं नाही. मामा बनियन आणि वेष्टीवर, म्हणजे इकडच्या पांढऱ्या लुंगीवर, बसायचे. भीमसेन खांद्यावर ओला टॉवेल टाकायचा. मी कपाळाला पंचा बांधून पियानोशी बसायचो, आणि संयुक्ता कानाला हेडफोन लावून म्हणायची, "श्वास जरा हळू घ्या ना प्लीज, सगळं ऐकू येतंय."

मी मूळचा इचलकरंजीचा. चेन्नईजवळ ओरगडमला ट्रकच्या कारखान्यात नोकरी करतो. काम गमतीचं आहे. नव्या गाडीत बसायचं आणि खडखड कुठून येते ते शोधून काढायचं. दारातून, सीटखालून, की कुठे सैल राहिलेल्या एखाद्या खिळीतून. आवाज आहे म्हणजे हलणारं काहीतरी आहे, या एकाच श्रद्धेवर माझं पोट चालतं.

रविवारी मात्र मी पेरंबूरला, मामांच्या घरी. विजयेंद्र राव हे तंजावरकडचे मराठी. आमच्या नात्यातले नव्हेत, पण इथे वडीलधाऱ्याला मामा आणि त्यांच्या बायकोला मामी म्हणायची पद्धत आहे, तेच तोंडात बसलं. त्यांचे वडील मृदंग वाजवायचे. मामाही तेच करणार होते, पण तरुणपणी त्यांनी रेल्वेतल्या अँग्लो-इंडियन लोकांच्या डान्स हॉलमध्ये कोंगा ऐकला. उंच, पिंपासारखा, तळहातांनी वाजवायचा ढोल. त्या दिवसापासून मृदंग कपाटावर गेला. नोकरी रेल्वेच्या कारखान्यात कारकुनाची, आणि जीव क्यूबातल्या ठेक्यांत. त्यांच्या घरच्या हॉलमधला पियानोसुद्धा अशाच एका कुटुंबाचा. ते लोक ऑस्ट्रेलियाला गेले आणि पियानो मामांकडे राहिला.

आमचा चौघांचा बँड. मामा कोंग्यावर, मी पियानोवर, भीमसेन बेस गिटारवर, आणि संयुक्ता बासरीवर. भीमसेन एन्नोरच्या वीजकेंद्रात नोकरीला. संयुक्ता सिनेमाच्या डबिंगचं काम करायची, त्यामुळे रेकॉर्डिंगही तिच्याकडेच. आम्हाला एक अल्बम काढायचा होता. प्रत्येक गत वेगळ्या नाचाची. एक चा-चा-चा, एक सांबा, एक मांबो, आणि शेवटी बोलेरो, अगदी संथ, गालाला गाल लावून नाचायचा. मांबोच्या मधोमध मामांनी मृदंगाची एक तिहाई अशी बेमालूम बसवली होती की ऐकणारा हसतच सुटावा.

चाल ठेवायची की टाकायची, हे ठरवायच्या कनका मामी. आम्ही वाजवायला लागलो की त्या स्वयंपाकघरातून यायच्या. पदर खोचलेला, हातात बहुधा सांबाराची पळी. त्या लाल, गुळगुळीत जमिनीवर अनवाणी नाचायला लागल्या तर चाल पास. नाही नाचल्या तर मामा म्हणायचे, "हिचा पाय उठला नाही. टाका हे."

रेकॉर्डिंगच्या आदल्या वर्षी मामींना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. एखाददुसरा तमिळ शब्द यायचा, "आमा" म्हणजे हो, "सरी" म्हणजे बरं, "वा" म्हणजे ये. हॉलला लागूनच असलेल्या खोलीत त्या पडून असायच्या. अल्बमचं नाव कोणी काढेना. मग एका सकाळी मामा त्यांच्या पलंगाशी बसून नकळत बोटांनी ठेका धरून होते, तर मामींनी डाव्या हाताने पलंगाच्या दांडीवर त्याला जोड दिली. आणि म्हणाल्या, "वाजव."

म्हणून आम्ही पुन्हा सुरू केलं.

२

पहिल्या रविवारी चा-चा-चा. दुपारची वेळ, जवळचा रेल्वेचा कारखाना बंद, रस्ता गप्प. मामींच्या खोलीचं दार लोटलं. त्या दाराच्या वरच्या अर्ध्या भागाला धुरकट काच आहे. पलीकडचा उजेड दिसतो, माणूस दिसत नाही. आत मामींजवळ तुळसी बसली. ही मामींच्या माहेरची, लांबच्या नात्यातली, त्यांचं सगळं तीच करते.

टेक चांगला झाला. संयुक्ताने तो पुन्हा लावला आणि ऐकता ऐकता तिच्या कपाळाला आठी पडली.

"भीमसेन सर, तुम्ही पाय आपटत होता का?"

"मी? नाही बाबा. मी तर मांडी घालून बसलेलो."

तिने हेडफोन माझ्याकडे दिला. "मंदार, खडखडीचे डॉक्टर तुम्ही. ऐका आणि सांगा."

मी ऐकलं. पियानोच्या मागे, बासरीच्या खाली, पावलं वाजत होती. अनवाणी तळव्यांचा तो मऊ, किंचित चिकट आवाज. दोन सावकाश पावलं, मग तीन झपझप. पुन्हा दोन, पुन्हा तीन. चा-चा-चा नाचणाऱ्याची पावलं नेमकी अशीच पडतात.

मी माझ्या सवयीने शोधायला लागलो. वरच्या मजल्यावर कोणी राहत नाही. पियानोचं पॅडल दाबून पाहिलं, त्याचा आवाज वेगळा. मग संयुक्ताने एकेक माइक वेगळा करून लावला. पावलं सर्वांत स्पष्ट होती ती मामींच्या दाराजवळच्या माइकवर.

"तुळसी असेल," मी म्हणालो. "ठेका चांगला होता, नाचली असेल बिचारी."

तेवढ्यात मामांनी हात पुढे केला. त्यांनी हेडफोन लावला आणि डोळे मिटले. गिरकी येते त्या जागी त्यांचा ओठ हलला.

"गिरकीला एवढुसा उशीर," ते म्हणाले. "पहिल्यापासून तसंच. कितीदा सांगितलं, ऐकत नाही."

ते उठून आत गेले. मीही मागोमाग गेलो. मामी गाढ झोपल्या होत्या. तुळसी पलंगाशेजारच्या खुर्चीत फुलं ओवत होती. ती म्हणाली, कोणी उठलं नाही, कोणी आलं नाही, अक्का गाणं सुरू होताच झोपली.

मामांनी मामींच्या पायांवरचं पांघरूण बाजूला केलं. वर्षभर जमिनीला न लागलेले ते पाय, मऊ आणि फिकट. त्यांच्या तळव्यांना लाल रंग लागला होता. त्या घरच्या जमिनीवर अनवाणी चाललं की सगळ्यांच्याच तळव्यांना लागतो तो.

मामांनी टॉवेल भिजवून आणला, पलंगाच्या कडेला बसले, आणि एखाद्या लहान मुलाचे पुसावेत तसे ते पाय सावकाश पुसून काढले.

"हळू," मामी झोपेतच म्हणाल्या. झटक्यानंतर हा शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच आला.

३

आठवडाभर मी कारखान्याच्या बसमध्ये बसून हिशेब जुळवत होतो. तुळसीने जमीन पुसली असेल, तोच हात पायांना लागला असेल. घरं जुनी आहेत, लाकूड उन्हाने तडतडतं. तडतड आणि चा-चा-चा यांत फरक असतो, हेही मला कळत होतं. पण खरं सांगायचं तर मला भीती वाटली नव्हती. मामींना आमचं वाजवणं ऐकून झोपेत नाचावंसं वाटत असेल, तर त्यात भिण्यासारखं काय? एक प्रकारे चाल पासच झाली होती.

सांबाच्या दिवशी आम्ही सगळे जरा उत्साहातच होतो. मी तुळसीला सांगून ठेवलं, "आम्ही वाजवत असताना मोबाइलवर मामींचं चित्रण कर. थांबवू नकोस."

टेक झाल्यावर आधी मोबाइल पाहिला. मामी पलंगावर पडलेल्या, डोळे मिटलेले, छाती शांतपणे वर-खाली. सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्या हलल्या नाहीत. मोबाइलमध्ये आमचं वाजवणं ऐकू येत होतं. पावलांचा आवाज अजिबात नव्हता.

दाराजवळच्या माइकवर मात्र होता. तीच पावलं, तीच उशिराची गिरकी. भीमसेन हसला, "मामी फॉर्मात आहेत." संयुक्ताही हसणार होती, पण तिचं हसू मधेच राहिलं.

"थांबा. हे ऐका."

मामींच्या पावलांसोबत आणखी कोणाची तरी पावलं होती. जड, बेताची, अजिबात न चुकणारी. आणि ती अनवाणी नव्हती. चामड्याच्या तळाचे बूट होते ते. टाच टेकल्याचा आणि मग तळवा टेकल्याचा आवाज वेगवेगळा ऐकू येत होता.

त्या घरात चपलासुद्धा उंबऱ्याबाहेर काढतात. आमच्या चौघांचे जोड बाहेर पायरीवर होते, ते मी जाऊन पाहून आलो. का पाहिले, कोण जाणे.

परत आलो तेव्हा तुळसी दारात उभी होती. "मामा, जरा येता का? अक्काचा हात बघा."

मामींचा उजवा हात, जो गेलेला होता तो, बर्फासारखा गार पडला होता. डावा हात घामाने ओलसर, गरम. उजवा तेवढा मनगटापर्यंत गार, आणि बोटं किंचित वळलेली. नाचताना बाई आपला उजवा हात जोडीदाराच्या हातात देते, तशी वळलेली.

मामांनी तो हात आपल्या दोन्ही तळव्यांत धरला आणि चोळत बसले. ते चोळणं बराच वेळ चाललं होतं. मी दारात उभा होतो, आणि त्या खोलीत मला पहिल्यांदा परक्याच्या घरात आल्यासारखं वाटलं.

४

त्या दिवसानंतर मामी फार झोपायला लागल्या. जागं करायला वेळ लागायचा. जाग्या झाल्या की चेहऱ्यावर समाधान, गालांवर रंग, पण खाणं कमी. डॉक्टर येऊन गेले. रक्तदाब ठीक, बाकी सगळं ठीक, वय झालं, म्हणाले.

मांबो करायचा की नाही यावर आमचं बोलणं झालं. मामाच म्हणाले, करा. तिने ठेका धरला आहे.

मांबो फार सुंदर झाला. तिहाई तर अशी पडली की आम्ही सगळे वाजवता वाजवता ओरडलो. गत संपल्यावर संयुक्ता नेहमी थोडा वेळ कोणाला हलू देत नाही. सूर पूर्ण विरू द्यायचा असतो. आम्ही श्वास रोखून बसलो. मग तिने बोट वर केलं, आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.

तिने ते ऐकलं आणि मग आम्हाला ऐकवलं. गत सुरू असताना दोघं नाचत होते, अनवाणी पाय आणि बूट. गत संपली. पियानोचा शेवटचा सूर विरत गेला. त्या शांततेत अनवाणी पाय थांबले. बूट थांबले नाहीत. टाच, तळवा. टाच, तळवा. सावकाश चालत ते दाराशी आले. दार ओलांडलं. दाराजवळच्या माइकवरचा आवाज मंद होत गेला, आणि कोंग्यासमोरच्या माइकवर मोठा होत गेला. तिथे, मामांच्या स्टुलापाशी, ते थांबले.

पुढे फक्त आमच्या टाळ्या.

म्हणजे आम्ही चौघं श्वास रोखून बसलो होतो, तेव्हा ते आमच्यामधून चालत आलं होतं.

"मी यापुढे हे करणार नाही," संयुक्ता म्हणाली. तिने वायरी गुंडाळायला घेतल्या. "मामा, सॉरी. माझ्याच्याने नाही होणार."

मामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "सरी, कण्णा. नको करू, बाळा."

भीमसेन तिला स्टेशनपर्यंत सोडायला गेला. मी थांबलो. मामांनी स्वतः कॉफी केली आणि आम्ही बाहेरच्या ओट्यावर बसलो. समोर उन्हात एक गाय उभी होती, पाण्याचा टँकर गल्लीत वळता वळत नव्हता, बायका घागरी घेऊन वाट पाहत होत्या. सगळं नेहमीचं होतं.

"मामा, मामी कोणाबरोबर नाचायच्या?" मी विचारलं.

"कोणाबरोबरही. त्या डान्स हॉलमध्ये पुष्कळ लोक येत. ड्रायव्हर, गार्ड, स्टेशनमास्तर. छान बूट घालून येत. आमच्या लोकांत नावं ठेवली तिला. मी म्हटलं, नाचू दे."

"आणि तुम्ही?"

"मी वाजवणार की नाही रे? मी उठलो तर वाजवील कोण?" ते हसले. मग कॉफी पेल्यातून दवऱ्यात, त्या खोलगट वाटीत, ओतत राहिले, वर-खाली, वर-खाली, थंड होऊन गेली तरी. "मंदार, लग्न होऊन एवढी वर्षं झाली, मी तिच्याबरोबर एकदासुद्धा नाचलो नाही. मला येतच नाही. हाताला जेवढं कळतं तेवढं पायाला कळत नाही माझ्या. ती पुष्कळदा बोलवी. मी म्हणे, नंतर."

टँकर एकदाचा वळला.

"हा कोण आहे ते मला ठाऊक नाही," मामा म्हणाले. "कोणाचाही राग नाही केला मी आयुष्यात. पण तो तिला घेऊन जाईल, मंदार. एकेक नाच करत नेतो आहे. आणि ती जाईल, कारण तो चांगला नाचतो."

"मग बोलेरो करायचाच नाही. अल्बम राहिला तर राहू दे."

"मलाही तसंच वाटलं. म्हणून तिला विचारायला गेलो."

"काय म्हणाल्या?"

मामांनी कॉफी तशीच खाली ठेवली. "म्हणाली, 'तू ये.'"

५

संयुक्ता आली. येणार नाही म्हणाली होती, पण आली. "मामींसाठी," एवढंच म्हणाली. बोलेरोत बासरी नव्हती, म्हणून ती टेबलाशी आमच्याकडे पाठ करून, पडद्याकडे तोंड करून बसली. भीमसेनला डोळे मिटून वाजवायची सवय. त्या दिवशी त्याने वाजवण्याआधीच मिटले.

तुळसीला मामांनी देवळात पाठवलं होतं. खोलीत मामी एकट्याच होत्या. मामांनी सकाळी त्यांना अंघोळ घातली होती, मोरपंखी साडी नेसवली होती, केसांत मोगरा माळला होता. दार लोटलेलं.

"किती फेरे घ्यायचे?" मी विचारलं.

"मी सांगेन तेव्हा थांब," मामा म्हणाले. "तोपर्यंत थांबायचं नाही. काही झालं तरी नाही. कबूल?"

"कबूल."

मी सुरुवात केली. ती चाल मामांनीच बांधली होती, अगदी साधी. खाली उतरणारे सूर, आणि मग एकच सूर वर, कोणीतरी हाक मारून थांबावं तसा. भीमसेन आला. मग डाव्या बाजूने मामांचा कोंगा आला, बोटांच्या टोकांनी, पावसाआधी पानं हलावीत इतका हलका.

एक फेरा झाला. दुसरा सुरू झाला. मी पट्ट्यांकडेच बघत होतो. हेडफोन नव्हता, तरी त्या दिवशी मला दारापलीकडून ऐकू आलं. अनवाणी पाऊल. त्याच्या मागे बूट. फार जवळ जवळ. बोलेरो असाच नाचतात.

तेवढ्यात माझ्याशेजारून वारा गेल्यासारखं झालं. मामांच्या अंगाचा ओळखीचा वास, विभूतीचा आणि घामाचा. मान न वळवता मला दिसलं, बनियन आणि वेष्टीतली ती बारकी पाठ दाराकडे चालली होती. मामा कोंगा सोडून उठले होते.

कोंगा सुरूच होता.

एक मात्रासुद्धा पडली नव्हती. तोच ठेका, बोटांच्या टोकांचा, फक्त जरा जास्त नीटस. माझ्या हातांनी थांबायला पाहिलं. मला आठवतं, उजवा हात उचललाही गेला होता. पण मी कबूल म्हणालो होतो. मी हात खाली आणला आणि वाजवत राहिलो.

मामांनी दार ढकललं. ते पूर्ण उघडलं नाही. हातभर फट राहिली. त्या फटीतून पलंगाची कड दिसली. पलंग रिकामा होता.

आणि मग त्या फटीसमोरून ते दोघं गेले. मामी उभ्या होत्या. मोरपंखी साडी, मोगरा, हनुवटी मामांच्या खांद्यावर, आणि तो उजवा हात मामांच्या डाव्या हातात उचललेला. मामा भयंकर नाचत होते. पाय कुठे ठेवावा ते त्यांना कळत नव्हतं, ते तिच्या पायांवर पाय देत होते. आणि मामी हसत होत्या, आवाज न करता, डोळे घट्ट मिटून. मग ते फटीसमोरून पुढे गेले.

बुटांचा आवाज आता येत नव्हता. बूट माझ्याशेजारी होते.

पियानोच्या झाकणाला काळं पॉलिश आहे. त्यात खोली दिसते, वाकडी आणि अंधुक. मी बघायचं नाही ठरवलं होतं, तरी डोळा गेला. स्टुलावर उंच काहीतरी बसलं होतं. चेहऱ्याच्या उंचीपर्यंत मी नजर नेली नाही. मला एक बाही दिसली, पूर्ण हाताची, पांढरी, मनगटाशी बटण लावलेली, त्या उकाड्यात इस्त्री न मोडलेली. आणि तिच्यातून बाहेर आलेली बोटं, कातड्यावर पडणारी. त्यांना घाई नव्हती.

मी पट्ट्यांकडे पाहिलं. माझ्या मनात एकच गोष्ट आली: जोवर ही गत चालू आहे तोवर त्या उभ्या आहेत. मी आणखी एक फेरा घेतला. आणि आणखी एक. मला फार भीती वाटत होती, आणि इतकं छान मी त्याआधी कधी वाजवलं नव्हतं. शेजारचा तो माझं प्रत्येक वळण आधीच ओळखत होता, माझ्यासाठी जागा ठेवत होता. वादक म्हणून सांगतो, तशी साथ पुन्हा मिळायची नाही.

आतून मामांचा आवाज आला, दमलेला, अगदी शांत.

"पोदुम, मंदार. पुरे."

मी शेवटचा सूर दाबला आणि धरून ठेवला. कोंग्यावर एक टिचकी पडली. मग काही नाही.

संयुक्ताने बोट वर केलं नाही. ती मान खाली घालून रडत होती. भीमसेनने डोळे उघडले, रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं, आणि पुन्हा मिटून घेतले.

मी आत गेलो. मामी पलंगावर होत्या. मामा जमिनीवर बसले होते, त्यांचे पाय मांडीवर घेऊन. दोघांच्याही तळव्यांना लाल रंग. मामांनी माझ्याकडे पाहिलं आणि लाजल्यासारखे हसले.

"तिचे पाय तुडवले रे मी," ते म्हणाले.

मी मामींच्या उजव्या हाताला हात लावून पाहिला. गरम होता.

६

त्या संध्याकाळी मामींनी दहीभात मागून खाल्ला. त्यानंतर त्या चांगल्या राहिल्या. आमचं रेकॉर्डिंग संपलं होतं, पावलं पुन्हा आली नाहीत. अल्बम निघाला, तेव्हा त्यांनी तो सगळ्या शेजाऱ्यांना ऐकवला. बोलेरोतल्या कोंग्याचं लोक फार कौतुक करतात. मामांना कोणी विचारलं तर ते "चांगला वाजला आहे खरा," एवढंच म्हणतात. मी ते बोलणं कधी पुढे नेत नाही.

पोंगलनंतर एका पहाटे मामी झोपेतच गेल्या. मामा शेजारीच होते. मामींचा हात त्यांच्या हातात होता आणि तो शेवटपर्यंत गरम होता, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. तुळसी आपल्या गावी परत गेली. भीमसेन आणि संयुक्ता फोन करतात, सणाला येतात, पण वाजवायला बसत नाहीत.

मी जातो. म्हातारा माणूस एकटा आहे. जाताना भाजी नेतो, दोघांपुरता भात लावतो. जेवण झालं की मामा भांडी विसळतात, हात पुसतात, आणि विचारतात, "बोलेरो?"

पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. मग पियानोशी बसलो. नाही कसं म्हणणार? मामा कोंग्याकडे गेले नाहीत. ते मामींच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. मी एकट्याने सुरुवात केली, आणि पहिला फेरा संपायच्या आत माझ्या डाव्या हाताला कोंगा सुरू झाला.

मी मान वर करत नाही. झाकणावर पंचा टाकून ठेवतो, म्हणजे त्यात काही दिसायला नको. दारापलीकडे पावलं वाजतात, दोघांची, अनवाणी. मामांचं पाऊल आता सुधारलं आहे. गिरकीला तेवढा थोडा उशीर होतो, पण तो त्यांचा नव्हे.

मग मामा "पोदुम" म्हणतात आणि मी थांबतो. बाहेर येतात तेव्हा दमलेले असतात, खूश असतात, दिवसेंदिवस बारीक होत चालले आहेत. मी दोनदा म्हणून पाहिलं, "मामा, पुढच्या रविवारी नको." त्यांनी माझ्या गालाला हात लावला. हात गार होता.

अलीकडे ते "पोदुम" म्हणायला फार वेळ लावतात. परवा दुपारी बसलो, तर वाजवता वाजवता पट्ट्यांवरचं ऊन सरकून भिंतीवर गेलं. बोटं दुखायला लागली. आत दोघं नाचत होते. शेजारी तो शांतपणे ठेका देत होता, मला जागा करून देत होता. एखाद्या रविवारी आतून तो शब्द यायचाच नाही, हे तेव्हा मला कळलं. मामांनाही कळलेलं असणार. आणि त्यांनी मला थांब म्हटलेलं नव्हतं.

मी पुढचा फेरा घेतला.